बोरांच्या दिवसांतला रोजा

गुलमंडीत आज हातगाडीवर गावरान बोरं दिसली आणि त्या आंबूस वासानं मी थेट आठवीच्या वर्गात जाऊन बसले. तेव्हाही शाबान, म्हणजे रमजानच्या आधीचा महिना, असाच बोरांच्या दिवसांत आला होता. पाळीमुळं सुटलेले रोजे पुढचा रमजान यायच्या आत पुरे करायचे असतात. माझा त्यातला पहिलाच होता. रमजानात सगळं घर उपाशी असतं. शाबानात आपलं आपल्यालाच लक्षात ठेवावं लागतं.

माझ्या नाही राहिलं लक्षात. बिडकीनहून येणाऱ्या सुनंदानं "घे गं, लई गोड हायेत" म्हणत ओंजळ पुढं केली. दुसरं बोर तोंडात असताना मला रोजा आठवला. थुंकले, चूळ भरली आणि शाळा सुटल्यावर रडतच घर गाठलं.

अम्मी मेथी निवडत होती. "भूलके खाई ना? फिर नईं टूटता. अल्लाह ने खिलाया समझ. मेरा बी रोजा है, शाम को साथ में खोलेंगे."

तिचेही राहिले असतील, असं मी धरून चालले. अम्मीचं गर्भपिशवी काढायचं ऑपरेशन मी पाचवीत असतानाच झालं होतं, मग तिचे रोजे कशानं सुटणार, हे माझ्या टाळक्यात शिरायला कित्येक वर्षं गेली.

उद्या माझी लेक तिचा पहिला राहिलेला रोजा धरणार आहे. माझे सगळे दिवाळीआधीच पुरे झालेत. तरी पहाटे सहरीला मी दोन ताटं मांडणार आहे. तिनं विचारलंच तर उत्तर तयार आहे: मेरा बी रोजा है.