आजाचं खाकरणं आणि पेटलेल्या प्लेटा

सोलर म्हटलं की तुम्ही कशाला तयार बसता ते मला माहीत आहे. आता हा पोरगा सांगणार, पाड्यावर पहिला दिवा लागला, पोरं पुस्तकं घेऊन बसली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आमच्या सोलरवर हॉटेलवाल्याचे एसी चालतात. आणि या गोष्टीत टाळी एकच आहे, ती माझ्या गालावर वाजली.

हॉटेल जामसरच्या बाजूला, रस्त्याला लागून. त्याच्या पत्र्याला वजन पेलेना, म्हणून मालकाने मागच्या मुरमाड माळावर लोखंडी पाय रोवून रांगेने सोलरच्या प्लेटा बसवल्या, भोवती तारेचं कुंपण केलं आणि राखायला माझ्या मामाला ठेवला. प्लेटा पुसायच्या, खालचं गवत खरडायचं, शेळ्या हाकलायच्या. त्याआधी मामा दरवर्षी दिवाळी झाली की मामी, पोरं, भांडीकुंडी घेऊन भिवंडीकडे वीटभट्टीवर जायचा, तो पावसाळ्याच्या तोंडावरच परत. प्लेटा आल्यापासून दोन वर्षं त्याच्या दाराला कुलूप लागलं नव्हतं. प्लेटांना काही झालं तर मामा पुन्हा भट्टीवर, हे घरातल्या शेळीलापण कळत होतं.

मला तेवढं कळत नव्हतं.

कुंपणाच्या खालच्या उताराला आजाची, म्हणजे मामाच्या बापाची, जमीन. भाताची रोपं करायची जागा आम्ही आधी भाजतो. खाली शेण, त्यावर झाडाचे टहाळ, वाळका पातेरा, गवत, वरून माती. हा राब. तो पेटवायचा हुकूम फक्त म्हाताऱ्याचा. आजा चिमूटभर धूळ हवेत सोडतो, वारा बघतो, कडेचं गवत झाडलंय का बघतो, दोनदा खाकरतो, एकदा थुंकतो आणि मगच म्हणतो, "लावा."

त्या दिवशी दुपारपासून सगळे हिरवे टहाळे घेऊन कोपऱ्याकोपऱ्यावर उभे होते. आग भलतीकडे गेली तर झोडपायला. वारा खालून वर, सरळ प्लेटांकडे. आजा म्हणाला, "वारा पडू दे," आणि तंबाखू आणायला घरी गेला.

उभं राहून राहून सगळे कंटाळले. मग मी नकला सुरू केल्या. बारावीपर्यंत जव्हारला शिकलो, त्यातलं हेच काय ते अंगाला लागलं. आधी हॉटेलचा मॅनेजर काढला, पोट पुढे करून. मग वसईहून प्लेटा तपासायला आलेला वायरमन, तो तिथेच उभा असताना: "ए भाई, हात मत लगा, करंट है." तोपण हसला. म्हणाला, "साला, मेरेसे अच्छा बोलता है."

कौतुक झालं की मला थांबता येत नाही. मी प्लेटांच्या मागे गेलो, दोनदा खाकरलो, थुंकलो.

"लावा रं! कं वाट बघतां?"

जवळचे हसले. पण मामाचा मोठा पोरगा अगदी खालच्या कोपऱ्यावर होता. त्याला ना मी दिसलो, ना हसणं ऐकू गेलं. त्याने काडी ओढली.

राब हळू जळतो, धुमसतो, असं सगळे सांगतात. वाऱ्यात तो कसा जळतो ते आम्ही बघितलं. भडका राबावरून चालत आला नाही, उडी मारून आला. बांधाचं गवत पेटलं, आगीने कुंपण ओलांडलं, ती शेवटच्या रांगेखाली घुसली. काचा तडकायला लागल्या. मोठं ताट फरशीवर आपटावं तसा आवाज, एक, लगेच दुसरा. केबलचा काळा धूर घशात गेला. झोडपता झोडपता टहाळेच पेटले. एकाच्या भुवया गेल्या.

मामा स्विचच्या पेटीकडे धावला, मेन स्विच खाली ओढला. "लाईट बंद केली! मारा पाणी!"

मामाचा पोरगा भरलेला हंडा घेऊन जळक्या केबलवर धावला. वायरमन ओरडला, "पानी नहीं!" कोण ऐकतो? तो आडवा आला आणि हातातला मोठा पाना त्याच्या मनगटावर घातला. हाड मोडल्याचं मला ऐकू आलं. हंडा पडला, पोरगा गुडघ्यावर आला.

बाकीच्यांनी एवढंच बघितलं की बाहेरचा माणूस आपल्या पोराला लोखंडाने मारतो.

"घ्या रं त्याला!"

धुमसते टहाळे त्याच्या पाठीवर पडायला लागले. कोणी केस धरले, कोणी बरगडीत लाथ घातली. कपाळ फुटलं, डोळा रक्ताने मिटला. तो तोंडातली माती थुंकत एकच सांगत होता, "धूप है तब तक करंट चालू है! बंद नहीं होता!"

मी आजाच्या आवाजात ओरडलो, "थांबा रं!"

एक जण मागे वळला, मला बघितलं. "अजून नकला करतं, भाडखाव!" आणि परत मारायला वाकला.

मग माझाच आवाज काढावा लागला. तो फार बारीक निघाला. "आजा नाय, मी बोललो लावा म्हणून! मी! त्याला सोडा, त्यानं भावाला वाचवलाय!"

तेवढ्यात जळून उघडी पडलेली केबल लोखंडी पायाला टेकली आणि फाटकन निळी ठिणगी उडाली. सगळे मागे सरले. मामाने पेटीकडे बघितलं. स्विच खालीच होता. डोक्यावर ऊन तसंच होतं.

मामा सरळ माझ्याकडे आला. टाळी ती.

आजा धावत पोचला तोवर आग पुढच्या रांगेला भिडली होती. तिथलं गवत मामाने आठवड्यापूर्वीच मुळापासून खरडलेलं. खायला काही मिळेना म्हणून ती तिथेच बसली. आजाने वरून माती टाकून घेतली.

संध्याकाळी मालक आला. चार प्लेटा काळ्या. वायरमन डोक्याला टॉवेल बांधून दगडावर बसलेला. मामा त्याच्यासमोर हात बांधून उभा. आता वायरमन मालकाला काय सांगतो, त्यावर घराचं कुलूप होतं.

वायरमनने मामाकडे बोट केलं. "इसने घास साफ रखा, इसलिए बाकी बचा. आदमी मत बदलना."

मालकाने बुटाने एक तडकलेली काच बाजूला सरकवली. मग मामाला म्हणाला, "उद्या लवकर ये. काचा उचलायच्या आहेत."

जव्हारहून भावाच्या हाताला प्लास्टर घालून आणलं. मामीने सगळ्यांना भाकरी वाढली, माझं ताट पालथंच.  शेवटी आजा दोनदा खाकरला. खरा खाकरला.

"पोऱ्या, खाकरणं काढलंस, थुंकणं काढलंस. धूळ सोडून वारा कोण बघणार व्हता, तुझा बाप?"

आजाने तंबाखूची पुडी खाली ठेवली.

"तुझ्या पायी परक्या माणसाचं डोकं फुटलं, नं त्यानंच आपलं घर राखलं. सकाळी त्याच्या पाया पडायचं. नं काय बोलायचं ते तुझ्या तोंडानं बोलायचं."

"होय, आजा."

"होय काय? बसलास काय? ऊठ, भावाला घास भरव. उजवा हात त्याचा मोडलाय, तुझा नाय."