दादांकडे तोंड केलेली काच

माहेरी आई म्हणायची, हिच्या नाकावर माशी बसत नाही. खरं आहे. पण कधी बसलीच, तर ती कुठून उडून आली तेही मी विसरत नाही.

लग्नानंतर आम्ही पनवेलबाहेर खाडीच्या अंगाला घर बांधलं. जागा सासऱ्यांच्या वाटणीची, पण दोन खोल्या आणि वरचा स्लॅब माझ्या पगारातला. मी प्राथमिक शाळेत शिक्षिका, आमचे हे न्हावा शेव्याच्या बंदरात कारकून. घर झालं, वास्तुशांत झाली, वीज मात्र आली नाही. खांब उभा राहणार होता यांच्या चुलत भावाच्या बांधावर, आणि त्यासाठी त्यांची सही लागत होती. आम्ही त्यांना दादा म्हणायचो. जमिनी विकून त्यांनी समोरच दुमजली घर उठवलं होतं, वर गच्ची, गच्चीत झोपाळा.

हे दादांना भेटून यायचे आणि चपला काढता काढता सांगायचे, "नाही म्हणतात. म्हणतात, अंधारात किती दिवस काढाल, जागा मला देऊन टाका."

दोन वर्षं मी कंदिलाच्या काचा पुसल्या. वह्या तपासताना डोळ्यांतून पाणी यायचं आणि समोर दादांची गच्ची लखलखत असायची. खाऊ की गिळू असं व्हायचं मला. रस्त्यात ते दिसले की मी पदर सारखा करून दुसरीकडे बघायची. त्यांच्या दारात जाऊन विचारावं असं एकदाही मनात आलं नाही. मोठ्या दिरासमोर सुनेने उभं राहून बोलायची आमच्याकडे पद्धत नव्हती, आणि माझा रागही मला जाऊ देत नव्हता.

मग त्या श्रावणात यांनी सांगून टाकलं, "दिवाळीपर्यंत बघू. नाहीतर पाडव्याला जागा दादांना देऊ आणि स्टेशनजवळ फ्लॅट घेऊ." माझं घर! मी त्या रात्री जेवले नाही.

सूर्यावर चालणारे दिवे मी शाळेतल्या एका प्रदर्शनात पाहिले होते. स्लॅबवर सोलरची काच बसवायची, खाली बॅटरी, दोन छोट्या ट्यूब. पनवेलच्या बाजारात एक दुकानदार ते विकायचा. किंमत ऐकून मी मटकन खुर्चीत बसले. त्याला माझी दया आली असावी. म्हणाला, "बाई, दहा घरं आणा. सरकारी सवलतीचे कागद मी करतो, भाव दहाचा लावतो. महिन्याला एक नेलंत तरी चालेल."

महिन्याला एक म्हटल्यावर माझ्या डोक्यात एकच गोष्ट आली, भिशी. आमच्या मागे खाडीपर्यंत जी घरं होती, त्यांतही वीज नव्हती. तिथल्या बायका भांड्यांची भिशी लावायच्या, साडीची लावायच्या. मी म्हटलं, या वेळी उजेडाची लावू. मिठागरात काम करणारी एक मावशी त्यांच्यात वजनदार होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "भिशी चालवनारनीचा पयला नंबर. ती रीतच हाय. पन बाई, तुज्या घरी दिवा नीट लागला नाय, तर आमी नवू जनी उठून जानार."

वसुबारसेला दुकानदाराचा माणूस काच घेऊन आला. स्लॅबवर चढून त्याने सूर्य पाहिला आणि म्हणाला, "बाई, हिचं तोंड दक्षिणेला लागतं."

दक्षिणेला होती खाडी. उत्तरेला होती दादांची गच्ची.

मी म्हटलं, "उत्तरेला लावा."

त्याला वाटलं मला दिशा कळत नाहीत. शाळेत भूगोल मीच शिकवत होते. दिशा मला चांगल्या कळत होत्या. पण रोज सकाळी झोपाळ्यावर बसून चहा पिताना त्या माणसाला माझी काच दिसली पाहिजे, तिच्यावर चकाकलेलं ऊन त्याच्या डोळ्यांत गेलं पाहिजे, एवढंच मला हवं होतं. मी त्याला म्हटलं, घर माझं, काच माझी. तो बिचारा मान हलवत नटबोल्ट आवळू लागला.

संध्याकाळी नऊ जणी आल्या. मी करंज्या ठेवल्या होत्या. बटण दाबलं आणि खोली पांढरीशुभ्र झाली. मावशीने ट्यूबला नमस्कार केला. अर्धा तास झाला असेल नसेल, ट्यूब पिवळी पडली, दोनदा लवलवली आणि विझली. दिवसभर बॅटरीत फारसं काही गेलंच नव्हतं, जाणार कसं? समोरून दादांचा आवाज आला, "इजला का दिवा, मास्तरीणबाई?" आणि हसणं.

बायका उठल्या. करंज्या तशाच राहिल्या. आमचे हे म्हणाले, "जाऊ दे आता. पाडव्याला उरकून टाकू." त्यांच्या आवाजात दुःख नव्हतं, हे मला तेव्हा कळायला हवं होतं.

मला माझीच लाज वाटली. दादांना डिवचायच्या नादात मी घरच घालवायला निघाले होते. सकाळी शेजारच्या गॅरेजमधून पाना मागून आणला आणि साडी खोचून स्लॅबवर चढले. एकटीला ते लोखंडी स्टँड हलेना. खालून जाणाऱ्या मावशीने पाहिलं, डोक्यावरची पाटी खाली ठेवली आणि वर आली. काही न विचारता तिने एक बाजू धरली. आम्ही ती काच फिरवली, दादांच्या गच्चीकडे तिची पाठ झाली. मावशी एवढंच म्हणाली, "आता ठीक. भांडान तोंडान करावा, काचेन नाय."

लक्ष्मीपूजनाला मावशीने सगळ्या जणींना पुन्हा आणलं आणि दिवा चार तास जळला. पाडव्याला हे कुठे गेले नाहीत. पुढच्या महिन्यात मावशीकडे काच आली, मग तिच्या शेजारी, आणि खाडीपर्यंत दहाच्या दहा घरं उजळली. त्यातल्या एकीनेही जागा विकली नाही. दादांना तिथे गाळे काढायचे होते म्हणे. राहिले ते गाळे कागदावर. मी मनातल्या मनात पेढे वाटले.

तेवढ्यावर मी थांबले असते तर मी कसली. चार वर्षं मी त्या घराशी बोलले नाही. संक्रांतीला सगळ्या आळीला हळदीकुंकू, दादांच्या बायकोला नाही. ती दारावरून जाताना थोडी थबकायची, मी मुद्दाम आत जायची. तिचा काय गुन्हा होता? काही नाही. तरी मी आत जायची.

मग दादांच्या मुलीचं लग्न ठरलं आणि पत्रिका घेऊन ते स्वतः आमच्याकडे आले. हेही घरी होते. चहा दिला, पण मला राहवलं नाही. म्हटलं, "दादा, एक सही द्यायला तुमचं काय जात होतं?"

"कंची सही?"

"खांबाची."

त्यांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "मना सही मांगली कोनी? तुजा नवराच आलता. बोलला, बायकोला इथं करमत नाय, जागा तूच घे. मी बोललो, दे मंग."

मी यांच्याकडे पाहिलं. हे बशीत चहा ओतत होते. बशी भरून खाली सांडायला लागली तरी ओतत होते.

काखेत कळसा आणि गावाला वळसा, तशी गत झाली माझी. दोन वर्षं कंदील पुसला, चार वर्षं एका बाईला दारातून परत पाठवलं, आणि ज्याच्यावर चिडायचं तो रोज माझ्याच हातची पोळी खात होता. दादा हसले होते, ते मी अजून माफ केलेलं नाही. पण लग्नाला गेले. दादांच्या बायकोला हळदीकुंकू लावलं. तिने लगेच माझ्याही कपाळाला लावलं, तेच जास्त लागलं.

यांना मी काहीच बोलले नाही. भांडले असते तर ते सुटले असते. पुढच्या रविवारी हातात ओलं फडकं दिलं आणि म्हटलं, काचेवर धूळ साचलीय, वर जा. त्यानंतर दर रविवारी. नंतर सरकारी वीज आली, खांब आला, मीटर बसला, तरी मी काच उतरवू दिली नाही. गुडघे दुखतात म्हणाले, तरी नाही.

एकदा शिडीच्या पहिल्या पायरीवर थांबून त्यांनी विचारलं, "अजून किती वर्षं?"

मी म्हटलं, "तुम्ही गप्प बसलात तेवढी."

ते वर गेले.