सुपडू जिभाऊ आणि शेठची इम्पोर्टेड गाडी

कुणाची जुनी गाडी बघायला गेले की जिभाऊ आधी चपला काढत. देवळात शिरावं तसे अनवाणी गाडीत शिरत, डोळे मिटत आणि ब्रेकवर उजवा पाय ठेवून गप्प बसून राहत. मीटरकडे ढुंकूनही बघत नसत. विकणारा माणूस तोवर बाहेर घामाघूम झालेला असे. मग डोळे उघडून जिभाऊ आपलं ठरलेलं वाक्य टाकत, "मीटर सांगस ते आयका, पेंडल सांगस ते माना."

मीटर सांगतं ते नुसतं ऐकून घ्यायचं, पेडल सांगतं ते मानायचं. रबर कुठल्या कडेला गुळगुळीत झालंय, यावरून गाडी किती पळाली हे त्यांच्या तळव्याला समजे म्हणे. मला ते थोडं ढोंगच वाटायचं. पण लिंबायतच्या आमच्या गल्लीत जुनी व्हॅन असो की रिक्षा, जिभाऊंचा पाय लागल्याशिवाय कुणी घेत नसे, आणि या मानाचं त्यांना अजिबात ओझं वाटत नसे. पांढरी सफारी, खिशात कंगवा, केसांना चपचपीत तेल. गाडी बघायला निघाले की वरात निघाल्यासारखे मधोमध चालत.

मी इथल्या, या गुजराती मुलखातल्या मराठी शाळेत शिकवते; आमची गल्ली सगळी खान्देशातून आलेल्यांची. माहेर नाशिकचं, त्यामुळे लग्न होऊन आले तेव्हा शेजारच्या सुपडू जिभाऊंची अहिराणी मला निम्मीच कळायची. तरुणपणी ते लूमवर होते. पुढे एका कापडवाल्या शेठकडे ड्रायव्हर म्हणून लागले ते तिथेच राहिले. शेठची परदेशाहून मागवलेली पांढरीशुभ्र गाडी ते चालवत आणि तिला 'आमनी गाडी' म्हणत. "ड्रायव्हरले कान ऱ्हातस, तोंड नही," हे त्यांचं दुसरं वाक्य. लूमच्या खडखडाटात त्यांचा डावा कान अर्धा गेला होता, त्यामुळे शेठची निम्मी गुपितं तशीही सुरक्षित होती.

या तोंड नसण्याचा अनुभव आम्ही घेतला. माझे यजमान एक जुनी गाडी घेणार होते. जिभाऊंनी पायाने तपासली आणि बाजूला जाऊन उभे राहिले. दलाल बोलत होता, यजमान माना डोलवत होते, सौदा ठरत आला, तरी जिभाऊ हूं की चूं करेनात. शेवटी मीच विचारलं, "जिभाऊ, तुम्हाला काय वाटतं?" ते लगेच म्हणाले, "मीटर फिरायेल शे. नका ल्या." घरी आल्यावर मी वैतागून म्हटलं, "अहो, मी विचारलं नसतं तर?" त्यांना माझ्या वैतागाचंच नवल वाटलं. "बाई, दोन जनस्ना सौदामा तिसराना तोंडनं काय काम? इचारं ते खोटं बोलनार नही. नही इचारं ते मन्हं काय जास?"

विचारलं तर खोटं बोलणार नाही, नाही विचारलं तर माझं काय जातं, या हिशेबाचं त्या वेळी मला हसू आलं होतं. आता येत नाही.

त्यांची एकुलती लेक ज्योती. तिच्या लग्नात शेठने गाडी दिली होती आणि जिभाऊंनी स्वतः ती फुलांनी सजवली होती. याही, म्हणजे जावयाचे वडील मोतीलाल नाना, शहाद्याचे. नाकासमोर चालणारा, मानापानाला फार जपणारा माणूस. जिभाऊंशी बोलताना अहिराणी सोडून मुद्दाम पुस्तकी मराठी बोलायचे. लग्नातच त्यांचा त्या गाडीवर जीव जडला. आमच्या खान्देशात हल्ली नवरदेवाला साधी गाडी चालत नाही, भाड्याने का होईना, भपका लागतो. जावई पांडेसऱ्याच्या डाईंग मिलमध्ये रंगाच्या वाफेत दिवस काढत होता. अशी एक गाडी मिळाली तर पोरगा गावी येईल, लग्नसराईची भाडी मारील, असं नाना येताजाता बोलत.

पुढे शेठने नवी गाडी घेतली आणि पांढरी विकायला काढली. एके सकाळी त्यांनी जिभाऊंना सांगितलं, "सुपडूभाई, मीटर जरा ओछुं करावी लावजो ने." गुजरातीत ओछुं म्हणजे कमी; आकडा उतरवून आणा, असा अर्थ. जिभाऊंनी गाडी नेली. लाखाच्या कितीतरी वर गेलेला आकडा चाळीस हजारांच्या आत आला, आणि शेठने सांगितल्याप्रमाणे पेडलचं रबरही नवं बसलं. मिठाला जागायचं म्हणून जिभाऊंनी ते केलं. गाडी कुणा अनोळखी माणसाकडे जाणार, असं त्यांच्या मनात होतं. चावी परत द्यायला गेले तर शेठ खुशीत. म्हणाले, गिऱ्हाईक मिळालं, तुमचे व्याहीच! नानांनी परस्पर फोन करून शब्द टाकला होता.

हे सगळं आम्हाला पुष्कळ नंतर कळलं. गल्लीने पाहिलं ते एवढंच, की रविवारी गाडी जिभाऊंच्या दारात उभी आहे, नाना भगवा फेटा बांधून आलेत आणि सोबत शहाद्याचा एक मिस्त्री आहे. त्याच्या पिशवीत गाडीला जोडून तपासायचं यंत्र होतं. जिभाऊंच्या बायकोने सगळ्यांना शेव-पोहे दिले. मिस्त्री बशी ठेवून उठला, तर नानांनी त्याला हाताला धरून खाली बसवलं.

"बस रे. याहींच्या हातची गाडी आहे. तपासायचं काय तिच्यात?"

"नाना, पाहू द्या ना त्याले," जिभाऊ म्हणाले.

"छे, छे! याही, तुमच्या दारात तुमच्या गाडीला मिस्त्री लावला, तर उद्या भावकीत मी तोंड कसं दाखवू?"

"भावकी ऱ्हाऊ द्या. मिस्त्री ऊना शे तर पाहू द्या."

"तुमचा हा मोठेपणा आहे," असं म्हणून नाना हसले. जिभाऊ पुन्हा पुन्हा तेच म्हणत राहिले, आणि जितकं म्हणत तितका नानांचा त्यांच्यावरचा विश्वास वाढत गेला. आम्ही बायका ओट्यावर उभ्या राहून दोन याहींचं ते सौजन्य कौतुकाने बघत होतो. जिभाऊंचा चेहरा उतरलेला होता, पण सवयीची गाडी दुसऱ्याच्या हाती जाते म्हणून असेल, असं मला वाटलं. नानांनी एकदा, फक्त एकदा, 'किती चालली आहे?' असं विचारलं असतं तर जिभाऊंनी नोकरीवर पाणी सोडून खरं सांगितलं असतं, याबद्दल मला शंका नाही. पण याहीला असं विचारणं म्हणजे त्याच्यावर संशय घेणं. नानांनी ते केलं नाही. उलट नारळ जिभाऊंच्या हातात देऊन म्हणाले, "तुमच्याच हातून फुटू द्या." जिभाऊंनी नारळ फोडला आणि तडक आत निघून गेले.

जावयाने मिल सोडली. ज्योती सगळा संसार घेऊन शहाद्याला गेली. पहिलीच लग्नसराई निम्मीही झाली नसेल, भर वरातीत नवरदेव आत बसलेला असताना गाडीचा गिअरबॉक्स गेला. वऱ्हाडाने जावयाला नको नको ते ऐकवलं. गाडीचे भाग तिकडे मिळेनात. शेवटी मोठ्या वर्कशॉपात नेली, तिथे यंत्र लावल्यावर गाडीने आपलं खरं वय सांगितलं.

नानांनी शेठला फोन केला नाही, जिभाऊंना केला. आवाज चढवला नाही. एवढंच विचारलं, "याही, तुम्हाला माहीत होतं?"

जिभाऊंना नाही म्हणता आलं असतं. शेठवर ढकलून मोकळं होता आलं असतं. ते म्हणाले, "माले माहीत व्हतं, नाना. मीच लई गयथू." गाडी मीच नेली होती, एवढं ऐकून नानांनी फोन ठेवला. त्यानंतर त्या दोघांचं बोलणं झालं नाही.

दुसऱ्या दिवशी जिभाऊंनी शेठच्या हातात नव्या गाडीची चावी ठेवली आणि काम सोडलं. शेठना कारणच कळेना. जुन्या गाडीचं मीटर कोण फिरवत नाही, असं त्यांचं म्हणणं. जावई परत पांडेसऱ्याला वाफेत उभा राहिला, पूर्वीपेक्षा खालच्या कामावर. ज्योतीचं बिऱ्हाड भेस्तानला आलं. भेस्तान इथून काही परदेश नाही, शेअर रिक्षाने माणूस सहज येतो. पण अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, जेव्हा खान्देशातली प्रत्येक लेक माहेरी झोक्यावर बसते, तेव्हा ज्योती आली नाही. तिला सासरी त्रास नव्हता. नवरा फक्त म्हणाला होता, जायचं तर जा. तसं म्हटल्यावर तिचा पाय निघेना. जिभाऊंच्या बायकोने आमरस केला होता, तो आम्हा शेजाऱ्यांना वाटला. जिभाऊ दिवसभर रिकाम्या झोक्याला पाठ करून बसले होते. मला त्यांच्याकडे बघवेना.

आणि मग त्यांचं एक वेगळंच सुरू झालं. न विचारता सांगायचं. कुणी भाजीच्या गाडीपाशी फ्लॉवर हातात घेतला की हे मागून, "ताई, खाले किडेल शे." कुणी जुना फ्रिज बघतोय, हे आत घुसून, "गॅस भरेल शे, नका ल्या." एकदा तर मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यांना गाठून, मुलीचा मामा दारू पितो, हे सांगून आले. लग्न मोडता मोडता वाचलं. लोक चिडू लागले, हातगाडीवाले त्यांना बघून शिव्या घालू लागले. मी समजावायला गेले तर म्हणाले, "बाई, आते कोनी इचारानी वाट पाहनार नही." आणि समोरच्या हातगाडीकडे चालू लागले. त्यानंतर त्यांना गाडी बघायला मात्र कुणी नेलं नाही, आणि ते आपण होऊन गेलेही नाहीत.

गेल्या थंडीत ते झोपेतच गेले. ज्योती आली. इतकी रडली की आम्हाला तिला धरून ठेवावं लागलं. दशक्रियेला मोतीलाल नानाही आले. कोपऱ्यात बसून राहिले, जेवले नाहीत. निघताना मी त्यांना पाणी दिलं. उगाच काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "नाना, जिभाऊंना फार लागलं होतं ते. पण शेठचं मीठ खाल्लं होतं, शेठचं नाव तरी कसं घेणार होते?"

नानांनी पेला तसाच खाली ठेवला.

"शेठचं नाव कुणाला हवं होतं?" ते म्हणाले. "काही सांगायचंच नव्हतं, बाई. नुसतं 'नका घेऊ' म्हणाले असते ना, तर 'का?' म्हणूनसुद्धा मी विचारलं नसतं."