खडूवर उमटलेली रेघ

मुरुडच्या खाडीपाशी माझं डिझेल इंजिनं दुरुस्त करायचं वर्कशॉप आहे. गिऱ्हाईक बहुतेक कोळीवाड्यातलं. कुणाचं इंजिन धूर ओकतं, कुणाचं पाणी खातं, आणि आम्ही ते उघडून बसतो. एका हिवाळ्यात मात्र एक सिलेंडर हेड, म्हणजे इंजिनाच्या वरचं जड लोखंडी झाकण, आलं, ते हातात घ्यायची माझी हिंमत होईना.

ज्याच्या बोटीचं ते हेड, तो माझ्या चांगल्या ओळखीचा. बोलायचा कमी, हसायचा जास्त. त्या दिवशी धाकटा भाऊ तापाने पडला होता म्हणून तो एकटाच मासेमारीला गेला. दुपारी भरतीबरोबर बोट खाडीच्या तोंडाशी परत आली. इंजिन बंद होतं. किनाऱ्यावर मासळी वाळत घालणाऱ्या बायकांनी हात केला, पण बोटीवरून कुणी हात केला नाही. त्यांना वाटलं, झोपला असेल. बोट आपल्या नेहमीच्या जागेशी येऊन वाळूला टेकली, अगदी कुणी सुकाणू धरून आणावी तशी. मग कुणीतरी वर चढून पाहिलं. जेवणाचा डबा तसाच भरलेला, चपला जोडीने ठेवलेल्या. माणूस नव्हता.

पोलिसांना कळवलं, कोळीवाड्यातल्या बोटी लांबवर शोधून आल्या. काही सापडलं नाही. मग कुजबुज सुरू झाली. चपला नीट काढून ठेवल्यात म्हणजे तो आपणहून गेला, असं काहींचं म्हणणं. काही म्हणत, त्याला पाण्यातून हाक आली.

भावाने इंजिन चालू करून पाहिलं, ते घेईना. त्याने हेड उतरवलं आणि गोणपाटात गुंडाळून माझ्याकडे आणलं. सोबत त्याची वहिनी, म्हणजे गेलेल्याची बायको. गेलेल्याची म्हणायला तेव्हा तिच्यासमोर कुणी तयार नव्हतं. तिच्या हातात हिरव्या बांगड्या तशाच होत्या. गोणपाट बाकावर ठेवलं तशी चहा पीत बसलेली दोन माणसं पेले अर्धे टाकून उठून गेली.

मी हेड डिझेलने धुतलं. हातोडीने हलकेच ठोकलं. चांगलं हेड घंटेसारखं वाजतं, हे बद्द वाजलं. वर सरळ पट्टी आडवी धरली तर खालून उजेड दिसला. उष्णतेने हेड वाकलं होतं. तडा असणार, पण डोळ्यांना दिसत नव्हता. मग मी नेहमीचा उपाय केला. रॉकेल लावलं, थोडं मुरू दिलं, कोरडं पुसलं आणि वर खडूची पूड चोळली. तडा असेल तर त्यात शिरलेलं रॉकेल हळूहळू बाहेर येतं.

ती टायरवर बसली होती, ती उठून जवळ आली. आम्ही तिघं त्या पांढऱ्या पृष्ठभागाकडे बघत राहिलो. आधी काहीच नव्हतं. मग दोन व्हॉल्व्हच्या मधे एक काळसर टिंब उमटलं. त्याची रेघ झाली. कुणी आतून बोट फिरवावं तशी ती आमच्यासमोर सरकत गेली आणि कडेपाशी थांबली. हजारदा केलेलं काम, पण त्या दिवशी वाटलं, हे मी करत नाहीये.

"हे काय हाय?" तिने विचारलं.

"तडा आहे, वहिनी. इंजिन फार तापलं होतं."

"तापलं तवा हे बोटीवर व्हते का?"

प्रश्न ऐकून भावाने मान खाली घातली. मी हेड फिरवून बाहेरची बाजू पाहिली. वरून खाली पांढरे ओघळ उतरले होते, लोखंडावर भाजून घट्ट बसलेले. जिभेला लावून पाहिलं. मीठ.

"होते," मी म्हणालो. "तापलेल्या हेडवर कुणीतरी समुद्राचं पाणी ओतलंय. बादल्यांवर बादल्या, घाईघाईत. त्या थंड पाण्यानेच हा तडा गेला असेल."

"म्हंजे इंजिन वाचवत व्हते."

"हो."

ओहोटीला आम्ही बोटीकडे गेलो. इंजिन थंड ठेवायला समुद्राचं पाणी जिथून ओढलं जातं ते भोक बोटीच्या कुशीत, पाण्याखाली असतं. भावाने वाळूत गुडघे टेकून आत बोट घातलं. जाळ्याचा नायलॉनचा बोळा अडकला होता. आतला भाग चिकटून बसलेला, बाहेरचा सुरीने कापून काढलेला. कापलेल्या टोकांचे धागे स्वच्छ होते. आम्ही तिघांनी एकदमच कठड्याकडे वर पाहिलं. तिथून वाकल्याशिवाय हात इथवर पोचलाच नसता.

ती त्या कठड्याखाली उभी राहिली. मग म्हणाली, "बोटीवर चपला घालतं कोन? चपलांचं बोलत्यात त्यांला विचारा."

तिचं रडणं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

हेड भंगारात टाकून दुसरं बसवा, असं मी सुचवलं. ती नाही म्हणाली. मग मी तडा कोरून काढला, हेड कोळशाच्या शेगडीवर तापवलं आणि बिडाच्या रॉडने वेल्डिंग केलं. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, एकदम थंड झालं तर पुन्हा फुटतं, म्हणून ते राखेत पुरून ठेवलं. दुपारभर राखेच्या ढिगातून टक्, टक् असा आवाज येत राहिला. थंड होणारं लोखंड असा आवाज करतं, हे मला माहीत आहे. तरी मी रेडिओ लावला, आणि मग तो बंदही केला, कारण आवाज थांबला की नाही ते कळेना.

पुढे अलिबागहून हेड घासून सपाट करून आणलं. त्यात हवा भरून गरम पाण्यात बुडवलं. एकही बुडबुडा आला नाही.

इंजिन जोडल्यावर पहिल्यांदा सुरू करायला भावाचा हात पुढे होईना. तिनेच हँडल धरलं, आणि मी तिच्या हातावर हात ठेवून फिरवलं. इंजिनाने लगेच घेतलं. बाजूच्या पाइपातून थंड पाण्याची धार पडू लागली. ती धार बघायला मी कठड्यावरून वाकलो, आणि खाली गढूळ पाण्यात नजर गेली तशी चटकन मागे आलो. का, ते मला सांगता येणार नाही. भाऊ मागे माझा शर्ट घट्ट धरून उभा होता. मी त्याला सांगितलं नव्हतं.

तो कधीच सापडला नाही. वर्षश्राद्धाला मी गेलो होतो. तिच्या हातात हिरव्या बांगड्या अजून होत्या, पण त्यांबद्दल कुणी बोललं नाही, तीही नाही. कुजबुज करणारी माणसंही जेवायला बसली होती, आणि ती स्वतः त्यांना वाढत होती. कुणी विचारलं की ती एवढंच सांगायची, "इंजिन तापलं, बोळा काढाया वाकले."