एका गोळीची रायफल

निवृत्तीनंतर माझं पोस्टिंग टोकियोतल्या फुनाबोरीला झालं. ऑर्डर मुलीची, केतकीची. ती आणि जावई दोघंही टोकियोत आयटीत आहेत. बायको गेल्यावर मी साताऱ्याला एकटाच होतो. केतकी म्हणाली, इकडे या. मी आलो. पहाटे उठून नदीकाठी चालणं, कचरा वेगळा करून ठरल्या वारी खाली ठेवणं, नात शाळेतून आली की दार उघडणं. ती माझ्याशी मराठीत सुरू करते आणि जपानीत संपवते. एवढीच ड्यूटी.

मी पायदळात होतो. सुभेदार म्हणून निवृत्त झालो. मधली बरीच वर्षं बटालियनच्या शूटिंग टीममध्ये काढली. केतकीने हे ऑफिसात कधीतरी सांगितलं असणार, कारण गेल्या शरदात तिचे जुने बॉस ओकादा-सान यांचा निरोप आला. रायफल निवडायला वडील मदत करतील का?

ओकादा-सान रिटायर झाल्यावर नागानोकडे वडिलांच्या शेतावर राहायला गेले. कोबी लावतात. हरणं डोंगरातून उतरतात आणि पीक फस्त करतात. जपानमध्ये रायफल सहज मिळत नाही. दहा वर्षं शॉटगन बिनतक्रार बाळगावी लागते, मगच अर्ज करता येतो. त्यांची दहा वर्षं भरली होती. त्यांना अशी रायफल हवी होती, की शेताच्या कडेला बसून हरीण टिपता यावं आणि इतर वेळी रेंजवर कागदी टार्गेटवर नेमबाजीही करता यावी.

शनिवारी आम्ही तिघं टोकियोतल्या दुकानात गेलो. जिना चढून वर, एक लहान खोली. दुकानदाराने काउंटरवर दोन रायफली ठेवल्या. दोन्ही बोल्ट ॲक्शन, म्हणजे दर गोळीनंतर बोल्टचा दांडा हाताने मागे-पुढे करायच्या, एकाच कॅलिबरच्या, जाड बॅरलच्या. एकीला गोळ्या आधीच भरून ठेवायचं मॅगझिन होतं. दुसरी सिंगल शॉट, म्हणजे दर वेळी एकच गोळी हाताने भरायची.

मी सवयीने हात पुढे केला. दुकानदार वाकून काहीतरी बोलला.

"बाबा, लायसन्स नसेल तर हात लावता येत नाही," केतकी म्हणाली.

मी हात मागे बांधले आणि 'विश्राम'मध्ये उभा राहिलो. त्यानंतर जे सांगायचं ते तोंडानेच सांगितलं. डोळे मिटून रायफल खांद्याला लावा. आता डोळे उघडा. नजर थेट स्कोपच्या मधोमध येते का? मान वाकवावी लागत असेल, तर बट, म्हणजे मागचा दस्ता, तुमच्या मापाची नाही. बोल्ट पुढे-मागे करा, डगडगतो का बघा. ट्रिगर दाबताना ओढत येतो की काच फुटावी तसा एकदम सुटतो? केतकी जपानीत सांगत होती, ओकादा-सान मन लावून तसं करत होते.

मग मी त्यांना रायफली उलट्या करायला सांगितल्या. मॅगझिनवालीला पोटाशी खाच होती. सिंगल शॉटचं पोट भरीव. म्हणून तिची ॲक्शन, म्हणजे बोल्ट बसतो तो सांगाडा, जास्त ताठ राहते, आणि गोळ्या एकाच जागी पडतात; ग्रुपिंग घट्ट येतं. मी म्हणालो, ही घ्या.

ओकादा-सान यांनी दोन्ही रायफली पुन्हा पाहिल्या. मग त्यांनी एक प्रश्न विचारला. प्रश्न रास्त होता. दुसरी गोळी तयार असलेली कधीही चांगली नाही का? तुम्ही सैनिक होतात, तुम्हाला ठाऊक असेल.

मी मॅगझिनवाल्या रायफलकडे बघत होतो. केतकीला वाटलं मला कळलं नाही. ती पुन्हा सांगायला लागली.

"कळलं," मी म्हणालो. "सांगतो. तू त्यांना सांग."

तेव्हा मी हवालदार होतो. बटालियन नियंत्रण रेषेवर होती, बर्फ पडायच्या आधीचे दिवस. पोस्टला पाणी खालच्या झऱ्यावरून यायचं. समोरच्या उतारावर शत्रूचा एक बंकर होता. त्यातली मशीनगन झऱ्याच्या वाटेवर मारा करायची. पाणी आणणारी आमची दोन पोरं जखमी झाली होती.

आमचे कंपनी कमांडर मेजरसाहेब नेमबाजीचे शौकीन. त्यांनी टीमची टार्गेट रायफल पोस्टवर मागवली. सिंगल शॉट. मागच्या मोकळ्या जागेत त्यांनी ती आणि आमची नेहमीची मॅगझिनवाली स्नायपर रायफल, दोन्ही माझ्याकडून फायर करून घेतल्या. टार्गेट रायफलच्या गोळ्या एका नाण्याखाली झाकल्या जात होत्या. दुसरीच्या तळहाताएवढ्या पसरल्या.

मी म्हणालो, "सर, गनवर दोन माणसं असतात. मॅगझिनवाली द्या."

"ग्रुपिंग बघ, शिंदे. दुसऱ्या गोळीची गरजच पडणार नाही."

मी पुन्हा एकदा म्हणालो. त्यांनी "दॅट्स ऑल" म्हटलं. फौजेत त्यापुढे वाक्य नसतं.

उजाडताना मी आणि नाईक मारुती गावडे खडकाआड पोचलो. मारुती माझा स्पॉटर, जत तालुक्यातला. फॅमिली क्वार्टर्समध्ये तो आमच्या शेजारी राहायचा. केतकीला सायकल त्याने शिकवली.

ऊन बंकरच्या तोंडावर आलं. मारुतीने अंतर आणि वारा सांगितला. मी फायर केला. गनर पडला.

"लागली," मारुती म्हणाला. "दुसरा येतोय."

मी बोल्ट उघडला. हातमोजा काढून पाऊचमधून काडतूस घेतलं. बोटं बधिर होती. काडतूस निसटून खडकात गेलं. दुसरं घेतलं. टार्गेट रायफलचं चेंबर, म्हणजे काडतूस बसतं ती जागा, अगदी नेमक्या मापाचं असतं, धुळीचा कणसुद्धा चालत नाही. बोल्ट खाली बसेना. काडतूस काढून बाहीला पुसलं. तोवर गन आमच्याकडे वळली होती. डोक्यावरच्या खडकाचे तुकडे उडू लागले.

"दादा, तुम्ही भरा. मी बघतो."

मारुती खडकाच्या डावीकडे सरपटत बाहेर गेला आणि त्याने आपल्या रायफलने फायर सुरू केला. गन त्याच्याकडे वळली. माझा बोल्ट बसला. मी फायर केला. दुसरा माणूस पडला. गन बंद झाली. मारुतीची रायफलही बंद झाली होती.

मी वायरलेस सेट उचलला. "टायगर, अल्फा. वन कॅज्युअल्टी. ओव्हर."

"गनचं काय? ओव्हर." मेजरसाहेबांचा आवाज.

"गन बंद. नाईक मारुती कॅज्युअल्टी. ओव्हर."

"वेल डन. आऊट."

मी त्याला ओढत खडकाआड आणलं. मेडिकलची पोरं पोचण्याआधी तो गेला. चौकशीत मी सांगितलं, मॅगझिन असतं तर दुसरी गोळी बोल्ट मागे-पुढे करायच्या वेळात गेली असती. मेजरसाहेब म्हणाले, रायफलमध्ये दोष नव्हता. ते खरं होतं. दोष रायफलमध्ये नव्हताच. मेजरसाहेबांना त्या कारवाईचं मेडल मिळालं.

हे मी घरी कधी सांगितलं नव्हतं. मारुतीकाका बॉर्डरवर गेले, एवढंच केतकीला माहीत. "सायकल त्याने शिकवली" इथे ती जपानीत बोलता बोलता थांबली होती. दुकानदाराने तिला खुर्ची दिली. ती बसली नाही. उभ्यानेच तिने पुढचं सगळं सांगून पूर्ण केलं.

ओकादा-सान यांनी सिंगल शॉट हळूच काउंटरवर ठेवली. म्हणाले, मग मी मॅगझिनवाली घेतो.

"नको," मी म्हणालो. "तुमच्या कामाला हीच बरोबर. हरीण उलटा फायर करत नाही."

केतकीने ते सांगितलं. कोणी हसलं नाही. ओकादा-सान यांनी माझ्यासमोर कंबरेतून वाकून नमस्कार केला आणि सिंगल शॉटच निवडली. पोलिसांची परवानगी येऊन ती आता त्यांच्या घरी आहे. ग्रुपिंगचे फोटो पाठवतात. चांगलं आहे.

त्या दिवशी परतताना ट्रेनमध्ये आम्ही दाराशी उभे होतो. केतकीने विचारलं, मेजरसाहेब आता काय करतात?

मी म्हणालो, कर्नल होऊन रिटायर झाले. कंपन्यांमध्ये व्याख्यानं देतात.

"आमच्याकडे झालं त्यांचं. ऑनलाइन," ती म्हणाली. "कामाला योग्य हत्यार कसं निवडावं, त्यावर. एका हवालदाराची गोष्ट सांगितली. एक रायफल, एक गोळी. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, बाबा. मीसुद्धा."

"मारुतीचं नाव घेतलं?"

"त्यात दुसरं कोणी नव्हतंच."

मला राग आला नाही. राग यायची वर्षं होऊन गेली. पण ही गोष्ट टाळ्यांसाठी सांगितली जात असेल, तर एकदा ती पुरती लिहून ठेवणं माझं काम आहे. म्हणून लिहिली.

नाईक मारुती गावडे. लंगरच्या, म्हणजे पलटणीच्या स्वयंपाकघरातल्या, रोट्या त्याला आवडत नसत. सुट्टीवरून येताना तो ज्वारीचं पीठ आणायचा आणि पाणी आणून थकलेल्या पोरांना भाकरी थापून द्यायचा. त्याच्या गावी शाळेच्या भिंतीवर त्याचं नाव लिहिलेलं आहे. जपानला येण्याआधी मी तिथे गेलो, तेव्हा रंग उडून आडनाव दिसेनासं झालं होतं. हेडमास्तर म्हणाले, ग्रँट आली की करू. मी बाजारातून रंग आणि ब्रश आणला आणि उन्हात उभं राहून ते नाव पुन्हा काढलं. अक्षरं थोडी वाकडी आली. वाचता येतात.