बंद पंख्याखाली

फोन आला तेव्हा मी उल्हासनगरला एका दुकानात इन्व्हर्टरचा भाव करत होते. आमच्याकडे अंबरनाथला शुक्रवारी हमखास लाइट जाते आणि सासऱ्यांचं ऑक्सिजनचं मशीन विजेवर चालतं, म्हणून शाळा सुटल्यावर परस्पर तिकडे गेले होते. नवरा त्या दिवशी घरीच होता. त्याने एवढंच सांगितलं, "अण्णा गेले. झोपेतच..." सिंधी दुकानदाराने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि स्टूल पुढे सरकवलं. "बैठो दीदी, आधी पाणी प्या. इन्व्हर्टर कुठं पळून नाय जात." त्याला काय सांगणार, की तो आता लागणारच नाही? माझ्या मनात पहिला विचार आला तो हाच, की अण्णा म्हणाले असते, बघ, वाचला की नाही खर्च!

अंबरनाथच्याच आनंदनगर एमआयडीसीतल्या एका कारखान्यात अण्णांनी उभा जन्म इलेक्ट्रिकल मेन्टेनन्समध्ये काढला. "वीज डोळ्यांना दिसत नाही म्हणून माणसं ती सांडतात," असं ते म्हणायचे. गॅसचंही तेच, आमच्या घरी वरण, भात, बटाटे असे तिन्ही डबे भरल्याशिवाय कुकर चढत नसे. गीझर सकाळी एकदाच लागायचा आणि मग रांगेने आंघोळी. ज्याचा नंबर हुकला त्याने गार पाण्यावर भागवायचं. खोलीतून माणूस बाहेर पडला की अण्णा आत जाऊन पंखा बंद करणार. एकदा माझी आई राहायला आली होती. ती पाणी प्यायला उठली आणि परत येते तो पंखा बंद. "तुझ्या सासऱ्यांना सांग गं, मी अजून आहे," ती म्हणाली. सोसायटीच्या गच्चीवर सोलर बसलं तेही अण्णांनी सगळ्यांचं डोकं खाल्लं म्हणून. मी मात्र वीस वर्षं या बटणांवरून त्यांच्याशी भांडत आले.

मग त्यांची फुप्फुसं थकली आणि मशीन घरी आलं. सकाळी नवरा कामावर आणि मी बदलापूरला शाळेत गेले की ते एकटेच असायचे. दुपारी दीडला दार उघडलं की मशीनची घुरघुर ऐकू यायला हवी, पण एके दिवशी घर शांत होतं. अण्णा खुर्चीत बसले होते, ओठ निळसर पडलेले. "आत्ताच बंद केलं..." म्हणाले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मी मशीन लावलं आणि ओरडले, वाट्टेल ते बोलले. ते ऐकून घेत होते. थोडा दम आल्यावर म्हणाले, "दिवसभर गीझर चालू ठेवल्यासारखं वाटतं गं." भांडायलाही माझ्या अंगात जोर राहिला नव्हता. शाळेत फळ्यासमोर उभी असतानाही जीव घरातल्या त्या बटणाशी अडकलेला असायचा.

शेवटी मी खोटं बोलले. "अण्णा, इलेक्ट्रिशियन येऊन गेला. तुमचं मशीन आता गच्चीवरच्या सोलरवर आहे. लाइट गेली की तेही बंद पडतं, एरवी कितीही चालवा." त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. "बरं," म्हणाले. त्यानंतर लाइट असताना मशीन एकदाही बंद सापडलं नाही, आणि मी माझ्या हुशारीवर खूश होते. पंखा मात्र ते लावू देईनात. "हुडहुडी भरते," म्हणायचे. भर मे महिन्यात! आजारी माणसाला वाजत असेल थंडी, म्हणून मी त्यांच्या अंगावर शाल घातली. त्यांनी ती निमूट पांघरून घेतली.

अण्णांचे दिवस झाल्यावर खालच्या मजल्यावरचे साठेकाका आले. कारखान्यापासूनचे दोस्त, रोज संध्याकाळी अण्णांजवळ येऊन बसायचे. चहा पिता पिता म्हणाले, "तुला म्हणून सांगतो सूनबाई, त्याला सगळं ठाऊक होतं. अगं, सोलर फक्त लिफ्टला आणि पंपाला आहे. ती लाइन त्यानेच उभं राहून टाकून घेतलेली! मला म्हणाला, पोर माझ्यासाठी एवढं खोटं बोलली, आता मशीन बंद कुठल्या तोंडाने करू? मग पंखा तरी बंद ठेवतो."

त्या शालीशिवाय मला दुसरं काही सुचेना. त्या उकाड्यात घामाघूम होऊन ते ती पांघरून बसले, ते पंखा कशासाठी बंद आहे हे कळून माझं खोटं उघडं पडू नये म्हणून. मला त्यांचा राग येतो, अजून येतो... आणि त्यांच्याएवढी माया मला सासरी दुसऱ्या कुणी लावली नाही, हेही खरं.

मशीन भाड्याचं होतं, ते परत गेलं. शाल धुऊन कपाटात ठेवली. काल दुपारी शाळेतून आल्यावर त्यांच्या खोलीत गेले आणि पंखा लावला, पाचावर. त्यांच्या खुर्चीत थोडी टेकले. उठताना हात सवयीने बटणाकडे गेला, तो मी मागे घेतला. चालू दे, म्हटलं, इतक्या दिवसांचा राहिलाय. स्वयंपाकघरात येऊन कुकरचे डबे भरायला घेतले. तिसऱ्या डब्यात बटाटे टाकले. आतून पंख्याचा आवाज येत होता, रिकाम्या खोलीतून.

मग परत गेले आणि बंद केला. बोलणी कोण खाणार!