जावक क्रमांक असलेली अफवा

नोकरीतली बरीच प्रकरणं आता माझ्या डोक्यात एकमेकांत मिसळून गेली आहेत. कुठल्या चोरीत कोण सापडलं होतं, हे कधीकधी बायकोला विचारावं लागतं. पण हे एक प्रकरण मात्र जसंच्या तसं समोर येतं, आणि आठवलं की मला अजून हसू येतं.

वडील केंद्र सरकारच्या नोकरीत दिल्लीला आले आणि आम्ही इथलेच झालो. मी दिल्ली पोलिसांत सब-इन्स्पेक्टर म्हणून लागलो, इन्स्पेक्टर म्हणून निवृत्त झालो. निवृत्तीला वर्षभर राहिलं होतं तेव्हाची ही गोष्ट. दक्षिण दिल्लीतल्या एका ठाण्यात तपासाचं काम माझ्याकडे होतं. एके सकाळी ड्युटी ऑफिसरने एक लखोटा माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "जनाब, आपके घर से चिट्ठी आई है."

चिठ्ठी घरची नव्हती. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरच्या एका छोट्या शहराच्या पोलीस ठाण्याकडून आलेलं ते पत्र होतं. सगळं मराठीत, त्यामुळे आमच्या ठाण्यात माझ्याशिवाय कुणाच्या उपयोगाचं नव्हतं. रोजनामच्यात, म्हणजे आपल्याकडच्या स्टेशन डायरीत, नोंद करून मी ते वाचायला घेतलं.

मजकूर असा होता. त्या शहरात मोबाइलवर एक ग्रुप चालतो. त्यावर नगरपरिषदेच्या बातम्या येतात: कोणत्या प्रभागात पाणी किती वाजता, घंटागाडी कुठे येणार नाही, जन्मदाखल्याची खिडकी कधी बंद. शहरातली निम्मी घरं हा ग्रुप वाचतात. नगरपरिषदेचा त्याच्याशी काही संबंध नाही. अलीकडे त्यावर असा मेसेज आला, की खाडीवरचा जुना पादचारी पूल धोकादायक ठरला असून तो वापरू नये. लोकांनी लगेच पूल सोडला. कोळीवाड्यातल्या बायका मासळीच्या टोपल्या घेऊन लांबच्या रस्त्याने बाजारात जायला लागल्या. मुख्याधिकाऱ्यांनी लेखी तक्रार केली, की ही अफवा आहे, असा कोणताही आदेश निघालेला नाही, आणि कार्यालयातली माहिती कोणीतरी बाहेर फोडत आहे. संशय एका कनिष्ठ लिपिकावर होता. त्याला कारणे दाखवा नोटीस गेली होती. आठ दिवसांत उत्तर समाधानकारक आलं नाही, तर निलंबन.

ग्रुप चालवणारा मोबाइल नंबर दिल्लीतला निघाला होता, पत्ता आमच्या हद्दीतल्या लक्ष्मीबाई नगर या सरकारी वसाहतीतला. गुन्हा अजून दाखल नव्हता, अर्ज चौकशीवर होता. पत्त्याची खातरजमा करून संबंधितांचा जबाब नोंदवावा, अशी आम्हाला विनंती होती.

मी आधी साध्या कपड्यांत एक फेरी मारली. सरकारी वसाहतीत कोण काय करतं, हे दुधाच्या बूथवाल्याइतकं कुणालाच माहीत नसतं. त्याला मी इकडचं तिकडचं विचारता विचारता मराठी बिऱ्हाडाचं विचारलं.

"वो मराठी मैडम? बड़ी भली हैं जी," तो म्हणाला. "रोज सुबह साढ़े दस बजे बालकनी में आ जाती हैं। कान पे फोन, हाथ में कापी। कोई बोलता है, वो लिखती जाती हैं। सालभर से देख रहा हूँ। छुट्टी के दिन नहीं आतीं।"

एवढी खबर मला पुरेशी होती. कोणीतरी रोज बातमी पुरवत होतं, आणि कार्यालयाला सुट्टी असली की त्यालाही सुट्टी असायची. म्हणजे कार्यालयातलाच माणूस. लिपिकावरचा संशय मला तेव्हा पटला होता, हे आज कबूल करतो.

बाईमाणसाला जबाबासाठी ठाण्यात बोलवत नाहीत, घरी जावं लागतं. त्याच दिवशी दुपारी चारच्या सुमारास मी आमच्या महिला हेड कॉन्स्टेबलला बरोबर घेतलं. ती पानिपतची, सडेतोड बोलणारी, पण लोकांच्या घरात शिरताना बूट काढणारी. दार उघडणाऱ्या बाई पन्नाशीच्या असतील. नवरा केंद्राच्या एका मंत्रालयात अधिकारी, तो ऑफिसला गेलेला. मी मराठीत ओळख सांगितल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर क्षणभर आनंद दिसला. मग कामाचं सांगितलं आणि तो मावळला.

"ग्रुप मीच चालवते," त्या म्हणाल्या. "माझं माहेर आहे ते. त्यात लपवण्यासारखं काय आहे?"

"पुलाचा मेसेज तुमचा?"

"माझाच. आणि खरा आहे."

"कुणी सांगितलं?"

त्यांनी टेबलावरची वही हळूच उलटी ठेवली. "ते मी सांगणार नाही."

मी जबाब घेण्याचे सगळे प्रकार करून पाहिले. आधी गप्पा मारल्या, माहेरच्या आठवणी काढल्या, मग आवाज थोडा चढवला. त्या लिपिकाचं नाव घेतल्यावर मात्र त्या दचकल्या.

"तो माझ्या वर्गात होता, एवढंच. त्याने मला कधी काही सांगितलेलं नाही. त्याला का त्रास देताय?"

"मग कुणी सांगितलं ते सांगा. तो सुटेल."

त्यांचे डोळे भरून आले, पण नाव आलं नाही. "साहेब, मला हवं तर घेऊन चला. यांच्या ऑफिसात कळलं तरी चालेल. पण ते नाव नाही सांगणार."

माझ्या हेड कॉन्स्टेबलने त्यांना पाणी आणून दिलं. जिना उतरताना ती म्हणाली, "जनाब, ये औरत अपने लिए नहीं डर रही।"

तिचं म्हणणं मी ऐकलं, पण त्याचा अर्थ काढायला मला रात्र लागली. ठाण्यात परत आलो आणि पत्रासोबत आलेले मेसेजचे छापील कागद पुन्हा वाचत बसलो. वर्षभराचे निवडक मेसेज होते. भाषा साधी, वेळा अचूक. एका मेसेजमध्ये प्रभाग तीनला पाणी "साडेसहाऐवजी साडेसात, म्हणजे सात वाजून तीस" असं लिहिलेलं. दुसऱ्यात भटक्या कुत्र्यांच्या लसीकरणाची तारीख दोनदा. पुलाच्या मेसेजखाली बारीक अक्षरात एक ओळ होती, जी तक्रारदाराने वाचली नव्हती, तिकडच्या ठाण्याने वाचली नव्हती आणि पहिल्या वाचनात मीही वाचली नव्हती. जावक क्रमांक.

ज्याने सरकारी कार्यालयात चार दिवस काढले आहेत, त्याला हे कळतं. आतला माणूस कानात काही सांगतो तेव्हा तो जावक क्रमांक सांगत नाही, कारण तेव्हा कागद टिपणीतच असतो. कागदावर सही होते, तो बाहेर जायला निघतो, तेव्हा त्याला जावक क्रमांक पडतो. म्हणजे पुलाचा कागद निघालेला होता. मग अफवा कशी? आणि निघालेला कागद त्या बाईंना वाचून कोण दाखवत होतं?

सकाळी मी तिकडच्या ठाण्यात फोन लावला. चौकशी करणारा पोलीस उपनिरीक्षक तरुण होता, उत्साही होता.

"तुमच्या नगरपरिषदेच्या बाहेर नोटीस बोर्ड आहे का?" मी विचारलं.

"आहे की सर. पण तिकडे कोण बघतं?"

"तुम्ही बघा. आत्ता जा. वरचा कागद असेल तर तो उचलून खालचा बघा."

वीस मिनिटांनी त्याचा फोन आला. म्हणाला, "सर, वर चित्रकला स्पर्धेचं पोस्टर आहे. त्याच्या खाली मोकाट गुरांची नोटीस. त्याच्या खाली पुलाची."

"काय लिहिलंय?"

"पूल वापरण्यास धोकादायक आहे, नागरिकांनी पर्यायी रस्ता वापरावा. जावक क्रमांक तोच आहे."

"सही कुणाची?"

"मुख्याधिकाऱ्यांची, सर. तक्रारीवर आहे तीच."

झालं होतं ते इतकंच. मुख्याधिकारी नवीन आले होते. हजर झाल्याच्या आठवड्यात सह्यांसाठी गठ्ठा समोर आला, त्यांनी न वाचताच सह्या केल्या. बांधकाम विभागाने नियमाप्रमाणे नोटीस बोर्डावर लावली आणि पुलावर अडथळे उभे करण्याचं पत्र ठेकेदाराला पाठवलं. ठेकेदाराला वेळ नव्हता. नोटिशीवर पोस्टर आलं. पूल उघडाच राहिला. साऱ्या शहरात तो कागद वाचणारं एकच माणूस होतं.

साडेदहाला मी हेड कॉन्स्टेबलला घेऊन पुन्हा लक्ष्मीबाई नगरमध्ये हजर झालो. बाईंनी दार उघडलं तेव्हा फोन हातात होता.

"ताई, तुमच्याविरुद्ध आता काही नाही," मी दारातच सांगितलं. "नोटीस बोर्डावर मिळाली. माहिती कुणी फोडलेली नाही. आता मला फक्त एवढं सांगा, बोर्ड कोण वाचतं?"

त्या खुर्चीवर बसल्या. त्या बोलणार एवढ्यात हातातला फोन वाजला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग स्पीकर लावून फोन टेबलावर ठेवला.

"हॅलो, लिहायला बसलीस का?" पलीकडून म्हाताऱ्या बाईचा स्वच्छ, ठणठणीत आवाज आला. "आज चार कागद आहेत. पहिला, जावक क्रमांक दोन सात चार, परत सांगते, दोन सात चार. आणि ऐक, आज इथे एक पोलीस येऊन सगळे कागद उचलून बघत होता. टाचण्या नीट नाही लावल्या त्याने. मी लावल्या."

माझ्या हेड कॉन्स्टेबलला मराठी समजत नव्हती, पण बाईंना एकाच वेळी हसू आणि रडू येताना पाहून तीही हसायला लागली.

ती बाईंची आई. वय अठ्ठ्याहत्तर, एकटी राहणारी. सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून केलेली, त्यामुळे आकडा दोनदा सांगितल्याशिवाय पुढे जायची नाही. वर्षभरापूर्वी पाण्याची वेळ बदलली, ती बोर्डावर लागली होती, पण गल्लीत कुणाला कळली नाही. दोन दिवस सगळ्यांच्या टाक्या कोरड्या राहिल्या. तेव्हापासून रोज सकाळी फिरायला जाताना ती बोर्डापाशी थांबते, चष्मा लावते, एकेक कागद उचलते आणि मुलीला वाचून दाखवते. मोबाइलवर टाइप करणं तिला जमत नाही, म्हणून लेक लिहिते. आईचं नाव सांगितलं असतं, तर या वयात तिच्या दारात पोलीस गेले असते, या धास्तीने लेक गप्प बसली होती.

मी फोनजवळ वाकून म्हटलं, "मावशी, नमस्कार. मी दिल्ली पोलिसांत आहे."

"माझ्या मुलीकडे पोलीस कशाला आलेत?"

"तुमचा पुलाचा मेसेज खरा होता, हे सांगायला."

"खराच असणार. मी वाचला होता," त्या म्हणाल्या. "तो बंद करा म्हणावं आधी. अजून दोघं-तिघं जातात तिथून. मी ओरडते, ऐकत नाहीत."

त्या दिवशी दुपारी त्या उपनिरीक्षकाने स्वतः उभं राहून पुलाच्या दोन्ही टोकांना अडथळे लावून घेतले. काही आठवड्यांनी दुरुस्तीसाठी वरचं काँक्रीट फोडलं, तेव्हा त्याने मला फोटो पाठवला. आतल्या सळया गंजून पेन्सिलीएवढ्या उरल्या होत्या. टोपल्या घेतलेल्या बायका एका वेळी सात-आठ जणी त्यावरून जायच्या, हे त्याने खाली लिहिलं होतं.

तक्रार मागे घेतली गेली. मुख्याधिकारी माणूस वाईट नव्हता. त्याने लिपिकाची नोटीस रद्द केली आणि स्वतः त्या आईंच्या घरी जाऊन माफी मागितली. आईंनी त्याला चहा दिला आणि बोर्डाला काच आणि वर पत्रा बसवून घ्यायचं वचन घेतलं. ते काम झालंही. लिपिकाने मला फोन करून आभार मानले. म्हणाला, आता रोज नोटिसा लावायचं आणि त्याचा फोटो ग्रुपवर टाकायचं काम त्याच्याकडेच आलंय. मी विचारलं, मग मावशींचं काय? तो म्हणाला, "त्या येतातच सर. माझ्या टाचण्या तपासतात."

मलाही त्या ग्रुपात घेतलं गेलं. आता गुरुग्रामला मुलाकडे राहतो. अकराव्या मजल्यावर बसून मला रोज कळतं, की खाडीकाठच्या एका शहरात प्रभाग पाचला आज पाणी उशिरा येणार आहे.

तीस-पस्तीस वर्षांत मी शेकडो लोकांना गप्प बसलेलं पाहिलं. माणूस गप्प बसला की तो काहीतरी दडवतोय असं धरायचं, आणि मग ते काढण्याच्या मागे लागायचं, ही आमची सवय. त्या बाई गप्प होत्या आणि मी त्यांच्यावर आवाज चढवला, हे मला आजही बोचतं. माझ्या हेड कॉन्स्टेबलला जिन्यातच जे दिसलं, ते मला एका जावक क्रमांकाने दाखवलं. उरलेल्या वर्षभरात जबाब घेताना कुणी गप्प बसलं, तर मी पेन खाली ठेवायचो आणि विचारायचो, "घरी कोण कोण असतं?" पुष्कळदा पुढचं सगळं त्या उत्तरातून निघायचं.